पत्ता कुठून फुटला

सोमवार, १ सप्टेंबर

सकाळी साडेआठ ते नऊ तिसऱ्या घरासमोर एक माणूस उभा होता. बेल वाजवली नाही, कोणाला काही विचारलं नाही. हात खिशात घालून वरच्या खिडक्या मोजत होता. गाडीवालीने त्याला फाइलमधल्या फोटोवरून ओळखलं. याच घरात राहणाऱ्या शिंपिणीचा नवरा.

दुपारी बारापर्यंत घर रिकामं केलं. सहा बायका, चार मुलं, एक शिलाई मशीन. सगळ्यांना पहिल्या घरात हलवलं.

आमच्या संस्थेची चार घरं आहेत. मारातून सुटून आलेल्या बायका तिथे राहतात. घरांवर पाटी नाही, नाव नाही, नुसते आकडे. राहणारीला फक्त ती राहते ते घर माहीत. चारही पत्ते संस्थेतल्या तिघींना ठाऊक: संचालिका मॅडम, गाडीवाली आणि मी. पत्ता तोंडाने उच्चारायचा नाही, फोनवर तर मुळीच नाही, हा नियम मी घातला. कोणाला कुठून घ्यायचं, कुठे सोडायचं, घरात काय संपलं, हे सगळं संस्थेच्या संकेतस्थळावरच्या निरोपाच्या फॉर्ममध्ये लिहायचं. मदत हवी असलेली बाईही तिथेच लिहिते. बोललेलं कोणीही ऐकू शकतं. लिहिलेलं थेट माझ्याकडे येतं. बायका पाठीमागे मला 'कुलूप' म्हणतात. म्हणू देत.

मॅडमनी विचारलं, "बाई, त्याला कळलं कसं?"

"कोणीतरी बोललं."

"सर्व्हरमधून वगैरे तर नाही ना काही?"

"सर्व्हर माझा आहे," मी म्हटलं. त्यांनी पुढे विचारलं नाही.

मेमरी: ५८ टक्के. कालच रविवार होता, सकाळी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला होता. एका दिवसात तिसावरून अठ्ठावन्न. यंत्र म्हातारं झालंय.

मंगळवार, २ सप्टेंबर

पहिल्या घरातल्या, नव्या-जुन्या सगळ्या बायकांचे फोन जमा केले. अकरा फोन. प्रत्येकावर आकडा चिकटवून माझ्या टेबलाच्या खणात ठेवले. कुरकुर झाली. एक म्हणाली, "घरी तो फोन काढून घ्यायचा, इथे तुम्ही घेता." मी म्हटलं, "तो परत देत नव्हता. मी देणार आहे."

दुपारी गाडीवाली आली. या बाईला गप्प बसवत नाही आणि गाडी मात्र सरळ चालवते, म्हणून सहन करते.

"बाई, तुमच्या त्या फॉर्मचं काहीतरी बिघडलंय. मघाशी घाईत त्या पानाचा पत्ता चुकीचा टाइप झाला, तर पान मोडकंतोडकं आलं. आणि खाली दुसऱ्याच कोणाचं तरी लिहिणं. 'दोन ब्लँकेट हवीत, लहान मुलाला खोकला आहे.' मी कुठे मागितली ब्लँकेट?"

"तुझा फोन जुना झालाय. पान बंद कर, पुन्हा उघड."

"फोन जुना असेल हो, पण तो ब्लँकेट कशाला मागेल?"

"काम नाहीये का तुला?"

गेली. जिन्यात हसत होती.

मी सत्तावीस वर्षं एका बँकेच्या संगणक विभागात काढली. गणित शिकले तेव्हा आमच्या वर्गात आम्ही दोनच मुली होतो. यंत्र कसं आजारी पडतं हे मला गाडीवालीने सांगायची गरज नाही.

मेमरी: ६६.

गुरुवार, ४ सप्टेंबर

एकेकीला बोलावून विचारलं. पाच जणी रडल्या किंवा चिडल्या. शिंपीण दोन्ही करत नाही, समोर बघत बसते. तिशीची असेल. सहा वर्षांची मुलगी तिला चिकटून उभी होती. तिला बाहेर पाठवलं.

"घर सोडल्यापासून नवऱ्याशी बोललीस?"

"नाही."

"आईशी? बहिणीशी? शेजारणीशी?"

"नाही, बाई. कोणाशीच नाही."

"मग त्याला तिसरं घर कसं सापडलं?"

"तो तसाच आहे. इंटरनेटच्या जोडण्या करतो ना, घरोघरी. कुठलंही यंत्र अर्धा तास हातात द्या, आतलं बाहेर काढून बसतो. माझ्या फोनवरचं तो त्याच्या फोनवर वाचायचा. तुम्हाला मी पहिल्यांदा लिहिलं तेही त्याने बघितलं असणार."

मी म्हटलं, "प्रश्न काय होता आणि उत्तर काय देतेयस?"

तिला विषय बदलायची सवय आहे. लपवणारी माणसं अशीच पाल्हाळ लावतात. बँकेत खोटी सही करणारे कारकूनसुद्धा आधी पेनाची तक्रार सांगायचे.

तरी फाइलमध्ये 'नवरा इंटरनेट जोडणी कामगार' लिहिलंय ते पाहिलं. खरं आहे. त्याचा इथे काय संबंध?

मेमरी: ७९. फार वाढतेय.

रविवार, ७ सप्टेंबर

सात वाजता ऑफिसात जाऊन मधला सर्व्हर बंद केला, पुन्हा सुरू केला. २९ वर आला. बरं वाटलं. आजच्या दिवसात मनासारखी झालेली ही एकच गोष्ट.

मधला सर्व्हर म्हणजे प्रॉक्सी, सोप्या भाषेत दारावरचा कारकून. बाहेरून आलेला प्रत्येक निरोप आधी त्याच्या हातात पडतो, तो आत पोचवतो, आतलं उत्तर बाहेर देतो. आतल्या यंत्राला बाहेरचं कोणी थेट शिवत नाही. ही रचना मीच केली. अडीच महिन्यांपूर्वी हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची सूचना आली होती: काही चुकीच्या विनंत्यांनंतर, म्हणजे चुकीच्या पत्त्याने पान मागितलं गेल्यावर, मेमरी मोकळी होत नाही, सर्व्हर भरत जातो आणि बंद पडतो. हा आजार मला बँकेपासून ठाऊक आहे. दर आठवड्याला बंद-सुरू केलं की काम भागतं. नवी आवृत्ती बसवायची म्हणजे चालत्या गाडीचं चाक बदलायचं. चालतंय त्याला मी हात लावत नाही.

धाकटी बहीण जेवताना म्हणाली, "ताई, त्या शिंपिणीचं म्हणणं खरं असलं तर?"

"तर पत्ता उडत गेला का त्याच्याकडे?"

"मी चाळीस वर्षं नर्स होते. डॉक्टरांचं एकदा निदान ठरलं ना, की पेशंट सांगत राहतो आणि ते मान डोलावत राहतात. तू आत्ता तशीच डोलावतेयस."

"तू पेशंट नाहीस."

"नशीब माझं," ती म्हणाली आणि ताट उचलून गेली.

मंगळवार, ९ सप्टेंबर

पहिल्या घराच्या दाराशी एक वही सापडली. शाळेची, शिंपिणीच्या मुलीची, घरी राहिलेली. मध्ये एका पानावर पेन्सिलने लिहिलेलं: 'अभ्यास बुडतोय तिचा.'

वही हातात घेऊन शिंपीण खाली बसली. मुलगी मात्र आपली वही मिळाली म्हणून खूश. तिला कोणीतरी उचलून आत नेलं.

पहिलं घर त्याला आठ दिवसांत सापडलं. दोन्ही घरांत समान काय? शिंपीण. दुसरं काहीही नाही. मी मॅडमना तसं स्पष्ट सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "बाई, तिचा चेहरा पाहिलात? ती कशाला सांगेल?"

"माझ्या खणात अकरा फोन आहेत. कोणाकडे बारावा असेल. कोणी मुलीला आजीशी बोलू दिलं असेल. का सांगितलं ते मला माहीत नाही. सांगितलं हे नक्की."

मेमरी: ६४. दोनच दिवसांत.

बुधवार, १० सप्टेंबर

नियम असा: जिच्यामुळे घर उघडं पडेल ती घरात राहणार नाही. नियम मॅडमच्या आधीचा आहे, तरी त्या तासभर टाळत होत्या. शेवटी मी म्हटलं, "इतर पाच जणींना काय सांगू? की तुमच्यापेक्षा ही महत्त्वाची?" मग त्यांनी सही केली.

शिंपिणीला दहा दिवस एका लॉजवर ठेवायचं, पुढचं पुढे. तिला मीच सांगितलं.

"मुलगी?" तिने विचारलं.

"तुझ्याबरोबर."

"माझा फोन?"

"चौकशी पुरी होईपर्यंत मिळणार नाही."

"मग काही झालं तर तुम्हाला कळवू कसं?"

"फॉर्म आहे. लॉजच्या काउंटरवर कॉम्प्युटर आहे, तिथून लिही."

तिने मान हलवली. शिलाई मशीनवर एक झगा अर्धा होता, कोणातरी दुसरीच्या मुलीचा. म्हणाली, "पाच मिनिटं द्या, एवढी शिवण संपवते." दिली. गाडीवाली गाडी सुरू करून बसली होती. एरवी हॉर्न वाजवते. आज वाजवला नाही. शिंपिणीला सोडून आल्यावर लॉजचं नाव, खोली नंबर, वेळ, सगळं तिने नियमाप्रमाणे फॉर्ममध्ये लिहिलं.

योग्य तेच केलं. झोप येईल असं वाटत नाही.

गुरुवार, ११ सप्टेंबर

मेमरी सकाळी दहाला ८८, अकराला ९४, साडेअकराला सर्व्हर पडला. फॉर्म बंद. एरवी मी धावत गेले असते, पण खाली गटाराचं काम चाललं होतं, वीज जाऊन-येऊन होती, म्हणून दुपारी चारला सुरू केला. साडेचार तास कोणाचाच निरोप नाही. शांतता होती. पहिल्या घराजवळही कोणी दिसलं नाही.

म्हणजे शिंपीण गेली आणि थांबलं. मॅडमना तसं सांगितलं. त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं.

शनिवार, १३ सप्टेंबर

हे घडलं त्याच क्रमाने लिहिते. क्रम चुकला तर मी स्वतःला कुठेतरी सूट देईन.

साडेअकराला गाडीवाली वर आली. चेहरा पांढरा. लॉजच्या मालकाने संस्थेला फोन केला होता. सकाळी दहाला एक माणूस आला, काउंटरवर थांबलाच नाही, सरळ दुसऱ्या मजल्यावर, सात नंबरच्या दाराशी. शिंपीण त्या वेळी मुलीचे कपडे वाळत घालायला मागच्या गच्चीत होती. आवाज ऐकला आणि मुलीला उचलून मागच्या जिन्याने निघून गेली. चपला खोलीतच. त्याने दार फोडलं. मग तोही गेला.

मॅडम म्हणाल्या, "तीच सांगत असती तर पळाली कशाला असती?"

मी तिची फाइल उघडून पुन्हा चाळू लागले.

गाडीवाली हळू म्हणाली, "बाई, लॉज ठरवला तुम्ही, सोडलं मी. शिंपिणीला नाव गाडीतून उतरल्यावर कळलं, आणि फोन तिच्याकडे नाही. सात नंबर मी फक्त एका ठिकाणी लिहिला. फॉर्ममध्ये."

"काउंटरवाला..."

"नवरा काउंटरवर थांबलासुद्धा नाही, विचारणार कोण? सरळ सात नंबर. मी तुम्हाला ब्लँकेटचं सांगितलं होतं."

मी उठून आत गेले आणि अडीच महिन्यांपूर्वीची ती सूचना उघडली. त्या दिवशी मी दंतवैद्याकडे खुर्चीत होते, फोनवर पहिला परिच्छेद वाचला, आजार ओळखला, फोन मिटला. खाली दुसरा परिच्छेद होता. चारच ओळी. चुकीच्या विनंतीला जे त्रुटीचं पान परत जातं, त्यात आधीच्या विनंत्यांमधला मजकूर तसाच बाहेर जाऊ शकतो. नवी आवृत्ती ताबडतोब बसवा.

कारकून पाटी पुसतच नव्हता. एकाचा निरोप लिहून झाला की त्याच पाटीच्या कोपऱ्यात दुसऱ्याला "पत्ता चुकला" असं लिहून पाटीच हातात द्यायचा. घेणारा बाकीचं वाचायचा. आणि दर वेळी ती पाटी सर्व्हरच्या मेमरीत अडकून राहायची, म्हणून मेमरी वाढायची. माझ्या दैनंदिनीत रोज ते आकडे आहेत. ५८, ६६, ७९. यंत्र म्हातारं झालं म्हणून मी लिहिलंय. तो वाचत बसला होता. भरून सर्व्हर पडला त्या साडेचार तासांत तेवढा आमचा प्रत्येक पत्ता सुरक्षित होता. मग चार वाजता मी जाऊन त्याच्यासाठी तो पुन्हा सुरू केला.

आणि पत्ता बोलायचा नाही, लिहायचा, हा नियम कोणी घातला?

खात्री करायची होती. बाहेरच्या फोनवरून मीच चुकीची विनंती पाठवली. एक वाजून नऊ मिनिटं. पान मोडकं आलं. खाली अर्धवट अक्षरं, चौकोन, आणि मग:

'बाई तो लॉजवर आला मी मागून निघाले. बसस्थानकामागे तासावर कॉम्प्युटर देतात त्या दुकानात आहे. मुलीला चालवत नाही. गाडी पाठवा. मी काही सांगितलं नव्हतं'

मिनिटभराने तोच निरोप आत माझ्या टेबलावर आला, नीट, तारीख-वेळेसकट. मला तो आधी बाहेरून दिसला. ज्या रस्त्याने मला दिसला त्याच रस्त्याने त्याला.

गाडीवाली पुढचं न ऐकताच जिना उतरली. शनिवारची गर्दी, पाऊण तास तरी लागणार. दुकानाचं नाव नाही, फोन नंबर नाही. शिंपिणीचा फोन माझ्या खणात, आकडा चार. तिला उत्तर द्यायचं तर त्याच फॉर्ममधून, म्हणजे त्याच्या डोळ्यांदेखत.

मॅडमनी पोलिसांना फोन लावला. मी सर्व्हर बंद करायला हात नेला.

आणि थांबले. बंद केला तर त्याने वाचलेला शेवटचा निरोप खरा राहील, बसस्थानकाचा.

"मॅडम," मी म्हटलं, "पोलिसांना रेल्वे स्थानकावर बोलवा. बसस्थानकावर नव्हे. मोठ्या फाटकाशी."

"तिथे कशाला? ती तर..."

"तोही तिथे जायला हवा म्हणून."

रेल्वे स्थानक गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे पोलीस चौकी आहे, माणसं आहेत. मी शिंपिणीच्या नावाने फॉर्म भरायला बसले. 'बाई, इथे थांबायची भीती वाटते. रिक्षाने रेल्वे स्थानकावर जाते. मोठ्या फाटकाशी, चौकशीच्या खिडकीपाशी थांबते.' पाठवला. पुन्हा पाठवला. एकच मजकूर पुन्हा पुन्हा दिसला तर त्याला शंका येईल, म्हणून थोडं बदलून. 'पोचतेय.' 'पोचले, गाडी कुठे आहे?' पाटीवर खरं काही उरूच नये इतकं खोटं. मॅडम शेजारच्या टेबलावर दोन बोटांनी टाइप करत होत्या आणि अक्षरागणिक मला विचारत होत्या, "असं लिहू?" "लिहा." "मुलगी रडतेय लिहू?" "लिहा, लिहा."

तरी मला पुरेसं वाटेना. खरं माणूस काहीतरी बारीक सांगतं. मी लिहिलं: 'मी हिरवा स्वेटर घातलाय, पाठमोरी उभी आहे, मुलगी हाताशी आहे.' शिंपिणीकडे हिरवा स्वेटर नाही. असता तर मी लिहिलाच नसता. सुचला म्हणून लिहिला.

पडद्यावर मेमरीची रेघ. ७१, ७२, ७३. तो ओढत होता. प्रत्येक आकडा म्हणजे त्याने एक पाटी वाचली. १:५२ ला रेघ ७७ वर थांबली. हललीच नाही.

"निघाला," मी म्हटलं.

"कुठे?"

ते रेघ सांगत नाही.

अठरा मिनिटं आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता बसलो. मॅडमच्या टेबलावर चहा गार झाला होता, त्यांनी तो तसाच पिऊन टाकला. मी देवाधर्माची नाही. त्या अठरा मिनिटांत मी काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही.

२:१० ला गाडीवालीचा फोन. "मिळाल्या. दोघीही. मुलीच्या पायाला काच लागलीय, बाकी ठीक. कुठे आणू?" आणि मग स्वतःच, "नको, सांगू नका. मी बघते," म्हणून फोन ठेवला.

मी सर्व्हर बंद केला. नवी आवृत्ती बसवायला एकोणीस मिनिटं लागली. चुकीची विनंती पाठवून पाहिली. कोरं पान आलं. पुन्हा पाहिली. कोरं. अडीच महिने, आणि एकोणीस मिनिटं.

तीन वाजता पोलिसांचा फोन मॅडमना आला. तो सापडला, मोठ्या फाटकाशीच. मॅडम बोलता बोलता उभ्या राहिल्या आणि "कोण बाई?" असं विचारू लागल्या.

रविवार, १४ सप्टेंबर

धाकटीला सगळं सांगितलं. तिने माझं ताट वाढून पुढे ठेवलं. मला तिचे टोमणे हवे होते.

दुपारी शिंपिणीला भेटले. कुठे ते लिहीत नाही. तिचा फोन दिला. म्हटलं, "चूक माझी होती. पत्ता माझ्या सर्व्हरमधून बाहेर जात होता. तू बोलली नव्हतीस."

"मी चार वेळा सांगितलं होतं."

"हो."

"तुम्ही पाच वेळा विचारलं."

मुलगी पट्टी बांधलेला पाय उंच धरून माझ्याकडे बघत होती. मी आणखी काही म्हणणार होते. शिंपीण म्हणाली, "बाई, तुम्ही जा आता. तिला झोपवायचंय."

मॅडमकडे राजीनामा दिला. त्यांनी तो घेतला, वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. "पोलिसांना सर्व्हरचं समजावून सांगायला दुसरं कोणी नाही माझ्याकडे. ते झालं की बघू."

पोलिसांकडून कळलं की त्यानेही फार काही केलं नव्हतं. एकदा फॉर्मच्या पानाचा पत्ता चुकीचा टाइप झाला, पान मोडलं, खाली दुसऱ्याचं लिहिणं दिसलं. मग तो मुद्दाम चुकतच राहिला. गाडीवालीला दिसलं तेच त्याला दिसलं. ती मला सांगायला आली.

मंगळवार, १६ सप्टेंबर

रुग्णालयात गेले. अस्थिविभाग, तिसरा मजला, खिडकीकडची खाट.

ती एका दुकानात हिशेब लिहिते. वयाने शिंपिणीएवढी. शनिवारी दुपारी मुलीला घेऊन रेल्वे स्थानकाच्या मोठ्या फाटकाशी उभी होती, तिची आई गाडीने येणार होती. अंगात हिरवा स्वेटर होता. त्याने मागून येऊन तिचा हात पिरगळला आणि ओढत नेऊ लागला. पोलीस चौकी पन्नास पावलांवर, मॅडमनी बोलावलेले पोलीसही गर्दीत त्यालाच शोधत होते. पण बायकोला नवरा नेतोय असंच सगळ्यांना वाटलं. कोणी मध्ये पडलं नाही. ती ओरडत होती, "मी याला ओळखत नाही," आणि लोक म्हणत होते, घरचं भांडण आहे. मुलीने त्याच्या पायाला चावा घेतला तेव्हा त्याने चेहरा पाहिला. तोवर हात दोन ठिकाणी मोडला होता. लिहायचा हात.

मी खुर्ची ओढून बसले. तिने विचारलं, "तुम्ही संस्थेच्या का? मॅडम येऊन गेल्या काल. फार चांगल्या आहेत."

मॅडमनी तिला काय सांगितलं होतं ते माझ्या लक्षात आलं. एक माथेफिरू होता, बायकोला शोधत होता, तुम्हाला ती समजला. सगळं खरं.

मी म्हटलं, "हिरवा स्वेटर मी लिहिला."

तिला समजलं नाही. मी पहिल्यापासून सांगितलं. सूचना, दुसरा परिच्छेद, लॉज, फॉर्म. सोप्या शब्दांत सांगता येतं ते मला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाईने पाणी मागितलं, मी उठून दिलं, परत येऊन उरलेलं सांगितलं.

दुसऱ्या हाताने तिने पांघरूण सारखं केलं.

"ती सुटली का? ती दुसरी?"

"हो."

"मुलगी?"

"तीही."

"पोलीस चौकी आहे म्हणून स्थानक निवडलंत, ते समजलं," ती म्हणाली. "तेवढं पुरलं असतं की. स्वेटर कशाला?"

"खरं वाटावं म्हणून."

"वाटलं." तिने डोळे मिटले. पुन्हा उघडले तेव्हा आवाज बदलला होता. दुकानातल्या नोकराला सांगावं तसा. "हे पोलिसांना लिहून द्या. मॅडम सांगतात तसं नाही. तुम्ही आत्ता सांगितलंत तसं. स्वेटरसकट. मला वाचून दाखवा, मग सही करा. माझा हात चालत नाही, नाहीतर मीच लिहिलं असतं."

खालच्या मजल्यावरून कागद आणले. तिच्या खाटेच्या कडेला बसून लिहिलं. साडेतीन पानं झाली. वाचून दाखवलं. एका ठिकाणी तिने थांबवलं. मी लिहिलं होतं, 'घाईत एक तपशील सुचला.' म्हणाली, "'घाईत' हा शब्द काढा."

काढलं. सही केली.